एलियन आक्रमणाचा स्ट्रॅटेजी गेम हवाय? टायबेरियम वॉर्स, स्टारक्राफ्ट २ की टेरन कमांड

‘एज ऑफ एम्पायर्स’मध्ये गावकऱ्यांना लाकडं तोडायला लावून झालं, ‘जनरल्स’मध्ये रणगाड्यांच्या रांगा लावून झाल्या. आता समोर माणसं नकोत, परग्रहावरची फौज हवी. असं वाटत असेल तर आजही सहज मिळणारे आणि सरळ चालणारे तीन गेम डोळ्यांसमोर येतात: २००७ चा ‘कमांड अँड कॉन्कर ३: टायबेरियम वॉर्स’, २०१० चा ‘स्टारक्राफ्ट २: विंग्ज ऑफ लिबर्टी’ आणि २०२२ चा ‘स्टारशिप ट्रूपर्स: टेरन कमांड’. तिन्ही रिअल-टाइम आहेत, म्हणजे आधी आपली चाल मग त्याची असा सभ्य प्रकार नाही. तुम्ही विचार करत बसलात तरी समोरचा थांबत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्या पृथ्वीवर कुणीतरी चाल करून आलंय हा थरार हवा असेल तर टायबेरियम वॉर्स. गेम म्हणून जास्त घोटलेला, वर्षानुवर्षं पुरणारा हवा असेल तर स्टारक्राफ्ट. आणि कीबोर्डवर बोटं झरझर पळत नसतील, बेस बांधायचा कंटाळा असेल, तर टेरन कमांड. तरीही डोळे झाकून घेऊ नका, कारण तिन्हींत एकेक मेख आहे.

आक्रमण नेमकं येतं कधी?

टायबेरियम वॉर्सची मेख इथेच आहे, आणि ती सांगायची तर कथा थोडी फोडावी लागेल.

साल २०४७. टायबेरियम नावाच्या परग्रही स्फटिकाने पृथ्वी पोखरली आहे. ३० टक्के जमीन राहण्यालायक उरलेली नाही, ती लाल पट्ट्यात गेली. ५० टक्के पिवळ्या पट्ट्यात कसंबसं जगणं चालू आहे. उरलेल्या २० टक्के निळ्या पट्ट्यात जीडीआय ही जागतिक लष्करी संघटना सुखात नांदते. तिचा वैरी म्हणजे नॉड हा लढाऊ पंथ, आणि नॉडचा सर्वेसर्वा केन. केन जीडीआयचं फिलाडेल्फिया हे अंतराळ स्थानक उडवतो, वरचं सगळं नेतृत्व एका फटक्यात संपतं आणि युद्ध पेटतं.

इथून पुढे बराच वेळ तुम्ही माणसांशीच लढता. अमेरिकेचा पूर्व किनारा, मग इजिप्त, मग बाल्कन. एलियनचा पत्ता नाही. एलियन आक्रमणाचा गेम म्हणून घेतलेला माणूस दोन-तीन संध्याकाळी खेळून ‘फसवलं’ म्हणेल, आणि त्याचं चूक नाही. पण मग साराजेव्होतल्या नॉडच्या मुख्य मंदिरावर जीडीआय अंतराळातून आयन तोफ डागते. मंदिराखाली द्रवरूप टायबेरियमचा बॉम्ब असतो. अडीच कोटींच्या आसपास माणसं मरतात, आणि तो स्फोट दूर अंतराळात कुणाला तरी दिसतो. पुढचं मिशन जर्मनीत. आकाशातून काहीतरी उतरतं आणि तोवर शिकलेलं निम्मं युद्धशास्त्र बाजूला ठेवावं लागतं.

थरार आहे तो इथे. तुमच्याकडे घडी बसलेलं सैन्य असतं, अमुक रणगाड्याला तमुक उतारा असे ठोकताळे पक्के झालेले असतात. तेवढ्यात बझर नावाचा धारदार पात्यांचा थवा भिरभिरत येतो आणि बघता बघता पायदळाचा चुरा करतो. मास्टरमाइंड नावाचा प्राणी तुमच्याच रणगाड्याचा ताबा घेऊन त्याची तोंडं तुमच्याकडे वळवतो. ज्या टायबेरियमच्या शेतात तुमचे साधे सैनिक तडफडून मरतात, त्यातून स्क्रिनची फौज आरामात चालत येते. स्क्रिन हे त्या परग्रहवाल्यांचं नाव. आधी माणसांशी लढवण्यात लेखकांनी घालवलेला वेळ इथे वसूल होतो, असं मला वाटतं. पहिल्याच मिशनला एलियन आले असते तर ते फक्त वेगळ्या आकाराचे शत्रू वाटले असते.

जीडीआय आणि नॉड या दोन्ही मोहिमा पूर्ण केल्या की स्क्रिनच्या बाजूने खेळायला मिळतं. मिशनं चारच, पण गंमत भारी आहे. तिथे कळतं की हे आक्रमक म्हणजे खरं तर सुगीला आलेली टोळी. टायबेरियमने ग्रह पूर्ण व्यापला असेल, जिवंत कुणी उरलं नसेल, अशा हिशेबाने ते आलेत; स्फोटामुळे वेळेआधीच बोलावणं गेलं. तुम्ही असता त्यांचा मुकादम, क्रमांक ३७१, आणि खाली बघता तर माणसं अजून जिवंत, वर गोळ्या झाडतायत.

स्टारक्राफ्टमध्ये पृथ्वी नाहीच. दूरच्या कोप्रुलू सेक्टरमधल्या मानवी वसाहतींवर झर्ग नावाचे किडे-राक्षस तुटून पडतात. हे घडायला फार वाट बघावी लागत नाही. तिसऱ्याच मिशनला बंकरमध्ये बसून झर्गच्या लाटा थोपवत, यान न्यायला येईपर्यंत तग धरायचा असतो. पण नायक जिम रेनरचं अर्धं लक्ष सम्राट मेंग्स्कची सत्ता उलथवण्यात. मध्येच तुम्ही रेल्वेगाड्या लुटता, लाव्हाच्या भरतीतून खनिज काढता. आक्रमण मागे कुठेतरी धुमसत राहतं.

त्यातल्या एका मिशनबद्दल मात्र सांगायलाच हवं. नाव ‘आउटब्रेक’. मायनहॉफ ग्रहावरची वसाहत झर्गच्या विषाणूने ग्रासली आहे. दिवसा उन्हात बाधित लोक बाहेर पडू शकत नाहीत, म्हणून तुम्ही आग ओकणाऱ्या हेलियन गाड्या घेऊन घरं जाळत सुटायचं. सूर्य मावळायला लागला की सगळं सोडून परत फिरायचं, कारण अंधार पडताच त्या घरांतून झुंडी निघतात. आणखी एक घर जाळून घेऊ, असा मोह प्रत्येक वेळी होतो आणि प्रत्येक वेळी दोन गाड्या तरी बाहेर अडकतात. परग्रही संकटाची भीती अशी दिवस-रात्रीच्या चक्रात बसवलेली मी दुसऱ्या स्ट्रॅटेजी गेममध्ये पाहिलेली नाही.

टेरन कमांडला असली प्रस्तावना नाही. क्वालाशा या वाळवंटी ग्रहावर किडे आहेत, ते मारा. पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत तेच. १९९७ च्या चित्रपटाच्या जगावर तो बेतला आहे, त्यामुळे सरकारी प्रचाराची खोचक थट्टा सोबत येते. जाता जाता: त्या चित्रपटात काम केलेला मायकल आयर्नसाइड टायबेरियम वॉर्समध्ये जीडीआयचा जनरल आहे. या माणसाला एलियनशी लढण्यावाचून सुटका नाही!

हातात काय येतं

टायबेरियम वॉर्समध्ये बांधकामाची पट्टी कायम बाजूला असते. आघाडीवर लढाई चालू असताना नजर न हलवता तुम्ही पुढचे चार रणगाडे सांगू शकता. हार्वेस्टर आपणहून टायबेरियम गोळा करून रिफायनरीत आणतो. लक्ष द्यायचं ते विजेकडे, कारण वीज कमी पडली की रडार जातं आणि नेमका तेव्हाच हल्ला होतो. नवशिक्याला हे लवकर जमतं.

यातली मला सर्वात आवडणारी गोष्ट साधी आहे. स्क्रिनचा ॲनायलेटर ट्रायपॉड म्हणजे तीन पायांचं अवाढव्य यंत्र. ते पाडायला अर्धी फौज खर्ची पडते. पण पडल्यावर त्याचा सांगाडा तिथेच राहतो, आणि त्यात तुमचा इंजिनियर धावत जाऊन शिरला की तो ट्रायपॉड उठून उभा राहतो, तुमच्या बाजूने. इंजिनियर हा गेममधला जवळजवळ निःशस्त्र गडी. त्याला गोळीबारातून सांगाड्यापर्यंत पोचवताना जो जीव टांगणीला लागतो, तो मोठ्या बॉम्बच्या स्फोटातही लागत नाही.

स्टारक्राफ्ट याच्या दुप्पट मेहनत मागतो. कामगार सतत बनवत राहायचे, खनिज आणि गॅस दोन्ही सांभाळायचे, सैन्याची मर्यादा वाढवायला डेपो बांधायचे, आणि हे चालू असताना आघाडीवर एकेका तुकडीला मागेपुढे करायचं. शॉर्टकट कीज पाठ केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्याबदल्यात मिळणारी शिस्त अशी की हरलात तर का हरलात ते नेमकं कळतं. मोहिमेत वेग कमी करता येतो, सोप्या पातळीवर कुणीही शेवट गाठेल. शिवाय मधल्या निवडींना अर्थ आहे: ‘चार’ (Char) नावाच्या झर्गच्या ग्रहावरच्या शेवटच्या लढाईआधी झर्गचे उडते जीव संपवायचे की जमिनीखालची भुयारं, हे तुम्ही ठरवता, आणि जे सोडलं ते शेवटी अंगावर येतं.

टेरन कमांडमध्ये बेस उभारणं नाही, खाणी नाहीत. ठाणी जिंकायची, कुमक मागवायची, पुढे सरकायचं. किड्यांची बिळं बुजवली नाहीत तर ते येतच राहतात. वेगळेपण एका नियमात आहे: तुमचेच सैनिक एकमेकांच्या नेमाआड आले तर मागचा गोळी झाडत नाही. लोकलच्या दारात अडून उभ्या राहिलेल्या माणसासारखी पुढची तुकडी वाट अडवते आणि मागचे हातावर हात धरून किडे जवळ येताना बघतात. म्हणून कमानीसारखी रांग लावायची, उंचवटे पकडायचे. सुरुवातीची मिशनं यामुळे झकास वाटतात. पुढे पुढे तीच रांग, तेच बीळ, तोच टप्पा असं व्हायला लागतं. ही त्याची मेख. मोहिमेचा उत्तरार्ध मी नेटाने पूर्ण केला, चवीने नाही.

लॅपटॉप, पैसे आणि सोबत

टायबेरियम वॉर्स जुना आहे, त्यामुळे वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या आजच्या साध्या लॅपटॉपवरही चालतो. वेग सेकंदाला ३० फ्रेम्सवर बांधलेला आहे, नव्या गेमिंग मॉनिटरची सवय असेल तर ते डोळ्यांना खुपेल. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात तो मिळतो, तिथे सेलची वाट बघावी. मधल्या चित्रफितींत खरे नट आहेत, केनच्या भूमिकेत जो कुकन तर १९९५ च्या पहिल्या गेमपासून आहे. हे सगळं काहींना हास्यास्पद वाटतं. मला त्या अतिनाट्याशिवाय हा गेम अळणी वाटला असता.

स्टारक्राफ्ट २ चा मोठा मुद्दा म्हणजे पैसे. नोव्हेंबर २०१७ पासून ‘विंग्ज ऑफ लिबर्टी’ची पूर्ण मोहीम आणि ऑनलाइन सामने फुकट आहेत. मॅकवरही चालतो, बाकीच्या दोघांपेक्षा मॅकवाल्यांची इथे सोय जास्त. बॅटलनेट या गेमच्या कंपनीच्या ऑनलाइन सेवेचं खातं काढावं लागतं आणि डाउनलोड भलं मोठं आहे, तेवढा डेटा बाजूला ठेवा. मित्राबरोबर खेळायचं असेल तर को-ऑप प्रकार उत्तम: दोघं मिळून संगणकाविरुद्ध, प्रत्येकी एक सेनापती. रेनर, केरिगन आणि आर्टानिस हे तीन सेनापती पूर्ण फुकट, बाकीचे पाचव्या पातळीपर्यंत. अनोळखी लोकांशी थेट सामने खेळायला मात्र तयारीनेच उतरा. तिथे उरलेत ते वर्षानुवर्षं मुरलेले खेळाडू, आणि सहाव्या मिनिटाला तुमचा बेस गेलेला असेल.

टेरन कमांड एकट्यानेच खेळायचा, ऑनलाइन सामने नाहीत. तिघांत नवा म्हणून लॅपटॉपकडून अपेक्षाही त्याचीच जास्त.

पेट्रोग्लिफचा २००७ चा ‘युनिव्हर्स ॲट वॉर: अर्थ असॉल्ट’ का नाही, असं कुणी जाणकार विचारेल. पृथ्वीवरच्या आक्रमणाची त्याची कल्पना जबरदस्त आहे. त्यातल्या एका परग्रही फौजेचा तळच अजस्र चालत्या यंत्रांवर असतो. पण तो मायक्रोसॉफ्टच्या आता बंद पडलेल्या गेम सेवेशी बांधलेला आहे, आणि तो आज चालवायला जी खटपट लागते तेवढ्यात दुसरा गेम अर्धा खेळून होईल.

तर घ्यायचं काय? कधीच असा गेम खेळला नसाल तर आज रात्री स्टारक्राफ्ट डाउनलोडला लावा, खिशाला तोशीस नाही. ‘आउटब्रेक’पर्यंत खेळून बघा. तिथे मजा आली पण आकडेमोड आणि घाई नकोशी झाली, तर टायबेरियम वॉर्सकडे वळा आणि साराजेव्होपर्यंत धीर धरा. आठवड्यात एखादाच मोकळा तास मिळत असेल, मागचं काही लक्षात ठेवायला नको असेल, तर टेरन कमांड स्वस्तात मिळाल्यावर घ्या.

टायबेरियम वॉर्ससोबत त्याची २००८ ची पुरवणी ‘केन्स रॅथ’ही समोर येईल. तिच्या मोहिमेत तुम्ही नॉडच्याच बाजूने असता. स्क्रिनच्या दोन नव्या शाखा सुट्या सामन्यांत मिळतात, पण नुसत्या कथेसाठी ती घ्यायची गरज नाही.