सुखोई की राफेल? भाच्यासाठी टेबलावर मांडलेला हिशेब

भाचा पुढच्या महिन्यात एसएसबीला, म्हणजे सैन्यदलांतल्या अधिकाऱ्यांच्या निवडचाचणीला, जातोय. गटचर्चेत लढाऊ विमानांचा विषय निघाला तर सुखोईची बाजू घ्यायची की राफेलची, हे त्याला एका वाक्यात हवं होतं. "मामा, लांबण नको लावू," असंही वर बजावलं. मी कपाटातून प्लास्टिकची दोन मॉडेलं काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली. दोन्ही एकास बहात्तर प्रमाणातली, म्हणजे खरं विमान ७२ पट लहान केलेलं. शेजारी फूटपट्टी ठेवली. सुखोई-३० एमकेआय नाकापासून शेपटीपर्यंत बरोब्बर पट्टीएवढं भरलं, एक फूट. राफेल सव्वाआठ इंचांवर संपलं.

"हे एवढंसं?" तो म्हणाला.

हो, एवढंसंच. खरं सुखोई जवळजवळ २२ मीटर लांब, रिकामं वजन १८ टनांच्या वर, आणि भरून उडताना ३८.८ टनांपर्यंत जातं. राफेल सव्वापंधरा मीटर, रिकामं साधारण १० टन, भरलेलं जास्तीत जास्त २४.५ टन. इंजिनं दोघांनाही दोन. सुखोईचं एकेक एएल-३१एफपी आफ्टरबर्नर लावल्यावर, म्हणजे मागच्या झोतात जादा इंधन जाळल्यावर, साडेबारा टनांचा रेटा देतं, राफेलचं एम-८८ साडेसात टनांचा. आकडे नुसते पाठ केले तर सुखोई दांडगं वाटतं. भागाकार केला की चित्र पालटतं. रिकाम्या वजनाच्या दर टनामागे सुखोईला मिळतो सुमारे १.३५ टन रेटा, राफेलला दीड टन. आणि पंखाखाली काय टांगता येतं? सुखोईला ८ टन, राफेलला साडेनऊ. स्वतः दहा टनांचं असून साडेनऊ टन उचलणारं विमान म्हणजे मुंगीची जात.

इथे बरेच जण फसतात. सुखोईच्या पोटात साडेनऊ टनांहून जास्त इंधन मावतं, त्यामुळे बाहेर टाकी न लावता ते ३,००० किलोमीटर जाऊ शकतं. राफेलच्या पोटात मावतं जेमतेम पावणेपाच टन. लांब जायचं तर त्याला पंखाखाली आणि पोटाखाली टाक्या टांगाव्या लागतात, आणि त्या साडेनऊ टनांतलं बरंचसं वजन मग स्वतःच्या शिदोरीतच जातं. माझ्या मॉडेलला दोन टाक्या चिकटवल्या आहेत. त्यांच्यामुळे ते देखणं विमान लग्नाहून परतणाऱ्या पाहुण्यासारखं दिसतं, दोन्ही हातांत पिशव्या. टाक्यांमुळे हवेचा अडथळा वाढतो आणि रडारवरचं ठसठशीतपणही वाढतं. हिंदी महासागरावर तासन् तास गस्त घालायची असेल तर मी डोळे मिटून सुखोई म्हणेन.

पुण्याच्या लोहगाव विमानतळावर प्रवासी विमानात खोळंबून बसलेल्यांना सुखोई वेगळं दाखवायला नको. धावपट्टी हवाई दलाची, आपण पाहुणे. सुखोई सुटतात जोडीने. शेपटीत दोन जळते शंकू, पाठोपाठ येणारा आवाज छातीत बसतो आणि खिडकीची काच थरथरते. एमकेआयची पहिली तुकडी याच तळावर सप्टेंबर २००२ मध्ये दाखल झाली. नोव्हेंबर २००९ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील जी-सूट घालून इथूनच सुखोईतून उडाल्या, तेव्हा त्या ७४ वर्षांच्या होत्या.

सुखोईच्या त्या जळत्या शंकूंच्या मुळाशी असलेली नोझल, म्हणजे इंजिनांची मागची तोंडं, १५ अंशांपर्यंत वळतात, तीही तिरक्या अक्षावर. वेग इतका कमी झाला की पंखांना हवेची पकड मिळत नाही, तरी नाक हवं तिकडे फिरवता येतं. हवाई कसरतींत लोक तोंडात बोट घालतात ते यासाठी. राफेलला ही सोय नाही, त्याचं भागतं त्रिकोणी पंख आणि पुढच्या छोट्या पंखांवर. पण भाच्याला मी सांगितलं, या मुद्द्यावर फार भाळू नकोस. असं नाक वळवताना विमान आपला वेग गमावतं, आणि वेग गमावलेलं विमान म्हणजे दुसऱ्या शत्रूसाठी आयतं सावज. शिवाय आज बहुतेक लढती इतक्या जवळ येण्याआधीच निकालात निघतात.

आधी कोणाला दिसतं आणि आधी कोण डागतं, हवाई प्रभुत्वाचं बरंचसं गणित यावर येऊन ठेपतं. इथे राफेल सरळ पुढे आहे. सुखोईचं मूळ रशियन 'बार्स' रडार जुन्या पद्धतीचं. त्यात एकच मोठा प्रक्षेपक सगळ्या अँटेनाला ऊर्जा पुरवतो, जशी सोसायटीच्या एका टाकीतून सगळ्या घरांना पाणी. पंप बसला की अख्खी इमारत कोरडी. राफेलच्या आरबीई-२ रडारमध्ये शेकडो छोटे प्रक्षेपक-ग्राहक आहेत, प्रत्येक घराची आपली मोटार. दोनचार बंद पडल्या तरी काम चालू राहतं, आणि शत्रूला त्याचे सिग्नल जॅम करणंही अवघड जातं. त्यात राफेल मुळात लहान, हवा आत घेणारे मार्ग वळणाचे, त्यामुळे समोरून इंजिनाची पाती रडारला सहज सापडत नाहीत. 'स्पेक्ट्रा' ही त्याची बचाव यंत्रणा कोण आपल्यावर रडार रोखतंय ते सांगते आणि त्याचे सिग्नल बिघडवतेही. सुखोई मात्र रडारच्या पडद्यावर वाड्याएवढं दिसतं.

मग येतं मीटिऑर क्षेपणास्त्र. साधं क्षेपणास्त्र म्हणजे उतारावर ढकलून दिलेली सायकल. सुरुवातीलाच रॉकेट जळून जातं, पुढचा प्रवास मिळालेल्या जोरावर. मीटिऑर बाहेरची हवा घेऊन, आच कमीजास्त करत शेवटपर्यंत पेडल मारतं. त्यामुळे सावजाने शेवटच्या क्षणी वळण घेतलं तरी पाठलागाला दम उरतो. २७ फेब्रुवारी २०१९ च्या चकमकीनंतर हवाई दलाने पाकिस्तानी विमानाने डागलेल्या अमेरिकी, लांब पल्ल्याच्या अ‍ॅमराम क्षेपणास्त्राचा तुकडा पत्रकारांपुढे ठेवला, तेव्हापासून पल्ल्याचा प्रश्न आपल्याकडे चहाच्या टपरीवरही पोचला. सुखोईकडे आता आपलं 'अस्त्र' क्षेपणास्त्र आहे, शंभर किलोमीटरच्या पुढे जाणारं. अंतर कमी झालंय, मिटलेलं नाही.

राफेलचं पारडं इतकं जड झाल्यावर भाच्याने वही मिटली. मी पुन्हा उघडायला लावली, कारण माझ्या मते खरा मुद्दा नाशिकजवळच्या ओझरला आहे. एचएएल या सरकारी विमान कंपनीच्या तिथल्या कारखान्यात परवान्याखाली सुखोई बांधली गेली. अडीच टनांचं ब्रह्मोस त्याच्या पोटाखाली लावायचं ठरलं, तेव्हा सांगाड्याची आणि वीजजोडणीची कामं एचएएलने केली, सॉफ्टवेअर हवाई दलाच्या अभियंत्यांनी लिहिलं, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये ते क्षेपणास्त्र हवेतून डागूनही झालं. 'अस्त्र'ही आधी सुखोईवरच बसलं. हे विमान रशियन आहे खरं, पण त्याचं बॉनेट आपण उघडू शकतो. राफेलवर आपलं एखादं शस्त्र बसवायचं तर ते बनवणाऱ्या फ्रान्सच्या दासो कंपनीच्या दारात जावं लागतं, त्यांच्या वेळेने आणि त्यांच्या दराने.

पैशाचा हिशेब करताना सावध. २०१६ मध्ये ३६ राफेलचा करार झाला सुमारे ५९,००० कोटींचा, त्यात शस्त्रं, प्रशिक्षण, देखभाल, भारतासाठीचे खास बदल सगळं आलं. डिसेंबर २०२४ मध्ये एचएएलला १२ सुखोईंची ऑर्डर मिळाली सुमारे १३,५०० कोटींना. दर विमानामागे भागाकार करून "सुखोई स्वस्त" म्हणणारे या दोन करारांत काय काय धरलंय ते पाहत नाहीत. सुखोईची खरी दुखरी नस वेगळी. कॅगच्या, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या, २०१५ च्या अहवालानुसार उड्डाणाला सज्ज विमानांचं प्रमाण होतं ५५ ते ६० टक्के, अपेक्षा ७५ ची. राफेलच्या करारात मात्र ७५ टक्क्यांची हमी लिहूनच घेतली होती. हॅंगरमध्ये सुट्या भागांची वाट पाहणारं विमान कितीही इंधन पोटात मावत असलं तरी गस्त घालत नाही.

"मग बाजू कोणाची घेऊ?"

विषय फक्त हवाई प्रभुत्वाचा असेल, चार विरुद्ध चार, तर राफेलची घे आणि रडार व मीटिऑरवर बोल. पुढची वीस वर्षं पैसा कुठे घालायचा असं विचारलं, तर आहेत त्या सुखोईंना नवं रडार बसवण्याच्या बाजूने बोल. ताफ्यात सुखोई अडीचशेच्या वर, हवाई दलाने घेतलेली राफेल ३६, एवढं सांगितलंस तरी समोरचा दोन मिनिटं गप्प बसेल. आणि अमुक विमान रडारवर किती किलोमीटरवरून दिसतं, असला आकडा तिथे फेकू नकोस. खरे आकडे गुप्त असतात, आणि समोर बसलेल्यांत ते माहीत असलेला एखादा अधिकारी असू शकतो.