जोडी कुणासारखी हवी: टिळक-आगरकर की जोतिराव-सावित्रीबाई?

टिळक-आगरकरांनी १८८० मध्ये चिपळूणकरांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल काढलं, १८८२ मध्ये डोंगरीचा तुरुंगही एकत्र भोगला. शिक्षणावर एकमत होतं. पण आधी स्वराज्य की आधी समाजसुधारणा, इथे बिनसलं. १८८८ मध्ये आगरकरांनी ‘सुधारक’ काढला आणि दोघांची अग्रलेखांतून जुंपली. (वाचकांची चंगळ!)

फुले दांपत्याचं मूळ प्रश्नावरच, म्हणजे समाजसुधारणेवरच जुळलेलं. शाळेपायी घर सोडावं लागलं. अंगावर शेण पडायचं म्हणून सावित्रीबाई जादा लुगडं सोबत न्यायच्या. कामात मला आगरकरांसारखा भांडणारा सहकारी चालेल, फायद्याचाच. संसारात मात्र रोज अग्रलेख कोण लिहीत बसणार? १८९० मध्ये जोतिराव गेल्यावर सत्यशोधक समाजाचं काम सावित्रीबाईंनीच पुढे नेलं.