धुळीआडचे तारे पाहण्यासाठी ‘अलाडिन लाइट’ : एक परीक्षण

सोलापुरात बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलांना ताऱ्यांच्या जन्माविषयी वाचायला पुष्कळ मिळते, पण धुळीने वेढलेला तारा स्वतः तपासून पाहण्याची सोय त्यांना सहसा मिळत नाही. हिप्परग्याच्या बाजूला अंधाऱ्या जागी चांगली दुर्बीण नेली तरी हा प्रश्न सुटत नाही. ही धूळ आतल्या ताऱ्याचा दृश्य प्रकाश अडवते, त्याने तापते आणि तीच ऊर्जा अवरक्त किरणांतून बाहेर टाकते. त्या किरणांचा मोठा भाग आपल्या वातावरणातील बाष्प शोषून घेते. म्हणूनच अवकाशातील दुर्बिणींनी टिपलेली चित्रेही दाखवणारी, फ्रान्समधील स्ट्रासबर्गच्या खगोलीय माहिती केंद्राची ‘अलाडिन लाइट’ ही विनामूल्य सेवा मला मोलाची वाटते.

ती ब्राउझरमध्ये उघडते आणि खाते काढावे लागत नाही. वस्तूचे नाव टाकले की आकाशाचा तेवढा तुकडा समोर येतो, आणि तोच तुकडा वेगवेगळ्या दुर्बिणींनी केलेल्या आकाश-सर्वेक्षणांतून पाहता येतो. या सेवेचे खरे बळ या अदलाबदलीत आहे. गरुड तारकासमूहात, श्रवण ताऱ्यापासून जवळच, ‘बी ३३५’ नावाचा लहानसा काळा ढग आहे. दृश्य प्रकाशात तेथे ताऱ्यांविना रिकामी जागा दिसते. पण ‘वाइज’ या अवरक्त दुर्बिणीच्या उपग्रहाचे २२ मायक्रॉनपर्यंतच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीचे चित्र निवडले की त्याच काळोखात बालतारा उजळतो. मग ‘बी ६८’ हा तसाच काळा दिसणारा ढग उघडावा. ‘टू-मास’ या अवरक्त आकाश-सर्वेक्षणाच्या २.१७ मायक्रॉनच्या चित्रात त्याच्या मागचे काही तारे डोकावू लागतात, मात्र त्याच्या पोटात कोणताही तारा सापडत नाही. एका ढगात जन्म सुरू झालेला आहे आणि दुसऱ्यात अजून नाही, हा फरक मुले स्वतः शोधून काढतात, हे पाहताना शिक्षक म्हणून मला अतिशय समाधान वाटते.

मर्यादाही लक्षात घ्याव्यात. ‘वाइज’ची २२ मायक्रॉनची भेदनक्षमता, म्हणजे जवळजवळच्या गोष्टी वेगळ्या दाखवण्याची क्षमता, सुमारे १२ कोनीय सेकंद (कोनीय सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आहे, त्यामुळे २०१४ मध्ये चिलीतील ‘आल्मा’ या रेडिओ दुर्बिणींच्या समूहाने वृषभ तारकासमूहातील ‘एचएल टॉरी’ या तरुण ताऱ्याभोवती दाखवलेली धुळीची कडी येथे दिसणार नाहीत, आणि दाटीच्या भागात शेजारचे तारे एकमेकांत मिसळतात. चित्रांतील रंग नेमून दिलेले असतात, त्यामुळे लालसर ठिपका म्हणजे नवजात तारा, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. सिंह तारकासमूहातील ‘आयआरसी +१०२१६’ अवरक्तात झगमगतो, पण तो आयुष्याच्या अखेरीस आलेला, स्वतःच धूळ बाहेर टाकणारा तारा आहे. सेवा इंग्रजीत असून असे स्पष्टीकरण ती देत नाही. ते काम शिक्षकालाच करावे लागते.

केवळ चित्र पाहून थांबू नये. याच केंद्राच्या ‘व्हिझिएआर’ या तारकासूचींच्या भांडारात निरनिराळ्या तरंगलांबींवरील तेजस्वितेचे आकडे मिळतात. त्यांचा आलेख काढला की तारा धुळीत पूर्ण गुरफटलेला आहे, की त्याच्याभोवती फक्त धूळ-वायूची तबकडी उरली आहे, याचा अंदाज बांधता येतो. मोबाइलपेक्षा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील संगणकावर, पावसाळ्यात आकाश झाकलेले असताना, पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून हा प्रयोग अवश्य घ्यावा, अशी माझी शिफारस आहे.