गुडघ्याला विचारून: केझिक ते थ्रेल्कल्ड, बिनगाड्यांचा सायकलरस्ता

ठाण्यात सायकल चालवायची म्हणजे रविवारी पहाटे साडेपाचला निघायचं, नौपाड्यातून उपवनापर्यंत जायचं, तळ्याला दोन फेऱ्या मारायच्या आणि गाड्या जाग्या व्हायच्या आत घरी यायचं. वय पंचावन्न, डावा गुडघा कुरकुरणारा. त्यामुळे मँचेस्टरच्या लेकीने ‘आई, मेमध्ये आलीस की आपण लेक डिस्ट्रिक्टला, म्हणजे उत्तर इंग्लंडमधल्या तळ्या-डोंगरांच्या मुलखात, सायकली घेऊ, तिथे गाड्यांशिवायचे रस्ते आहेत’ असं सांगितलं, तेव्हा मी पहिला प्रश्न चढाचा विचारला. ‘अगं, तळ्याकाठचा रस्ता, त्याला कसला चढ?’ म्हणाली. तळ्यांच्या गावात राहणाऱ्या बाईला हे पटायला हवं होतं, पटलंही. तिथेच फसले.

पहिल्या दिवशी विंडरमिअर. इंग्लंडमधलं सगळ्यात मोठं नैसर्गिक तळं, लांबीला सतराएक किलोमीटर. आपली तलावपाळी डोळ्यांसमोर ठेवून जाऊ नका. काठावरच्या बोनेस गावाहून तरीने, म्हणजे फेरीबोटीने, पलीकडे गेलो. ही बोट तारांना धरून स्वतःला ओढत जाते आणि मोटारीही पोटात घेते. गोराईच्या तरीची सवय असलेल्याला गंमत वाटते. पश्चिमेच्या काठाने रे कॅसलपर्यंत जाणारी वाट आहे. सुरुवातीच्या डांबरी तुकड्यावर तुरळक मोटारी, पुढे त्याही नाहीत. डावीकडे रान, उजवीकडे पाणी आणि पाण्यात शिडाच्या होड्या. फोटो असे येतात की व्हॉट्सॅपवर सगळ्या मैत्रिणी गप्प झाल्या.

फोटोत मात्र धक्के येत नाहीत. वाट कच्ची आहे. झाडांची मुळं, सुटे दगड, मध्येच चार पावलांचा पण उभा चढ. जावई पुढे टणाटण उड्या मारत गेला. मी तीन ठिकाणी उतरून सायकल ढकलली, आणि ती भाड्याची विजेवरची सायकल ढकलायला म्हशीसारखी जड. भाड्याच्या दुकानाबद्दलही सांगते, नाव राहू दे. देताना बॅटरी निम्मीच भरलेली होती आणि खोगीर माझ्या उंचीला लावून दिलं नव्हतं. विचारल्यावर लावलं. आपण विचारायचं असतं, हा धडा मला तीस पौंडांना पडला. वाटेच्या टोकाचा रे कॅसलचा वाडा बाहेरून छान आहे. मी बाकावर बसून गुडघ्याला हात लावून होते, त्यामुळे आतलं विचारू नका.

आता मुख्य गोष्ट.

दुसऱ्या दिवशी केझिक. स्पेलिंगमधला डब्ल्यू ही मंडळी गिळून टाकतात. ठाण्याचं ‘टाना’ करणाऱ्यांकडून दुसरी अपेक्षा नव्हतीच. मँचेस्टरहून रेल्वेने पेन्रिथ आणि तिथून बसने केझिक, असं मोटारीशिवाय पोचता येतं. केझिकहून थ्रेल्कल्ड गावापर्यंत साधारण पाच किलोमीटरचा रस्ता आहे. फक्त चालणारे, सायकलवाले, चाकाच्या खुर्चीतले आजी-आजोबा आणि असंख्य कुत्री. मोटार नाही, मोटारसायकल नाही. डांबर इतकं सपाट की पिशवीतल्या चटणीच्या डब्याचं झाकणही हललं नाही.

याचं कारण असं की हा मुळात रस्ताच नव्हे. ही रेल्वे आहे. म्हणजे होती. १८६५ मध्ये इथे प्रवासी गाडी सुरू झाली, आपल्या बोरीबंदर-ठाणे गाडीपेक्षा बारा वर्षांनी धाकटी. पूर्वेकडून कोक, म्हणजे भट्टीचा कोळसा, यायचा आणि पश्चिमेकडच्या भट्ट्यांत लोखंड वितळायचं, त्यासाठी मुख्यतः ही लाइन. १९७२ मध्ये बंद झाली. रूळ उचलले आणि वाट उरली. सुरुवातीलाच केझिकचं जुनं स्टेशन लागतं. फलाट आहे, वर छत आहे, गाडी नाही. माझ्यासारख्या ठाणेकराला हे बघवत नाही. आमच्याकडे फलाट कितीही वाढवले तरी पुरत नाहीत आणि इथे रिकाम्या फलाटाला टेकून लोक बुटाच्या नाड्या बांधतात.

पण रेल्वेचा एक गुण या वाटेत शिल्लक आहे. वाफेच्या इंजिनाला उभा चढ चढवत नाही, म्हणून इंजिनिअर डोंगर पोखरतो, नदीवर पूल टाकतो, पण चढ हळूहळू देतो. मी पन्नास वर्षं लोकल पाहतेय, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. ग्रेटा नदी केझिककडे वाहत येते, म्हणजे थ्रेल्कल्डकडे जाताना आपण चढतो. पण तो चढ पायाला कळत नाही, फक्त परतताना पायडल मारावं लागत नाही तेव्हा कळतो. दीडशे वर्षांपूर्वी इंजिनाची सोय पाहिली, ती माझ्या गुडघ्याच्या कामी आली. बॅटरी मी दुसऱ्या किलोमीटरलाच बंद केली.

पूल ओलांडत, नदी कधी डावीकडे कधी उजवीकडे. २०१५ च्या डिसेंबरात डेसमंड वादळाने यातले दोन पूल आणि वाटेचा बराच भाग वाहून नेला. पलीकडच्या हॉनिस्टर खिंडीत चोवीस तासांत ३४१ मिलिमीटर पाऊस पडला, तो ब्रिटनचा विक्रम. जावयाने हे फार गंभीरपणे सांगितलं. मी म्हटलं, २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ झाला होता, मी कळव्याच्या पुलावरून चालत आले होते. तो गप्प बसला. पण मग विचार केला, त्यांनी वाहून गेलेली सायकलची वाट पाच वर्षांत, २०२० च्या डिसेंबरात, पुन्हा उभी केली. सायकलची! मग मीही गप्प बसले.

या लाइनचा इंजिनिअर टॉमस बाउच. त्याचाच स्कॉटलंडमधला टे नदीवरचा पूल १८७९ मध्ये गाडीसकट कोसळला. ही माहिती लेकीने मला बरोबर पुलाच्या मध्यावर दिली.

मध्ये एक बोगदा लागतो. सत्तरच्या दशकात शेजारचा ए६६ हमरस्ता बांधताना तो मातीने बुजवला होता. नव्या कामात उकरून मोकळा केला. नाव ‘बॉबिन मिल टनेल’. नाव वाचलं आणि मी ब्रेक दाबला.

आमचे अप्पा परळच्या गिरणीत साचाखात्यात होते. ब्याऐंशीचा संप झाला, खोली गेली आणि आम्ही ठाण्याला आलो. सायकल मी तलावपाळीला तासाच्या भाड्याने शिकले ती त्याच काळात. तर या नदीकाठी लाकडी बॉबिनचा, म्हणजे सूत गुंडाळायच्या रिळांचा, कारखाना होता. आजूबाजूच्या रानातली झाडं मुळासकट न तोडता बुंध्यापासून छाटायची, फुटवे येऊ द्यायचे, त्या लाकडाची बॉबिनं कातायची आणि लँकेशायरच्या सूतगिरण्यांना पाठवायची. म्हणजे तळी, डोंगर, कवी वगैरे म्हणून आपण जे बघायला येतो, ते रानही गिरणीच्याच पोटासाठी राबत होतं.

तिथूनच अप्पांना व्हिडिओ कॉल लावला. ते शहाऐंशी वर्षांचे, कळव्याला भावाकडे असतात. इकडे अकरा, तिकडे दुपारचा साडेतीनचा चहा चालू. बोगदा दाखवला. म्हणाले, ‘धोट्यातली कांडी का वाइंडिंगची बॉबिन?’ मला कुठे माहीत! ‘मग विचार ना कोणाला तरी.’ कुत्रा फिरवणाऱ्या एका आजोबांना लेकीने विचारलं. ते बिचारे हवामानाबद्दल बोलले. अप्पांचा पुढचा प्रश्न, ‘बंद झाली तेव्हा कामगारांना देणी मिळाली का?’ याचंही उत्तर आमच्याकडे नव्हतं. बोगद्यात रेंज गेली.

थ्रेल्कल्डला पोचल्यावर समोर ब्लेनकाथ्रा डोंगर अंगावर येतो, ८६८ मीटर. गावच्या सभागृहात कॅफे आहे. चहा चांगला, केक गोड. आम्ही बाहेरच्या बाकावर गुळाच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. वारा असा की मे महिन्यात स्वेटर आणि वर विंडचीटर. त्यांचा मे म्हणजे आपला माथेरानचा जानेवारी.

तक्रारी आहेत. एक, ‘लेक डिस्ट्रिक्टचा सायकलरस्ता’ म्हणून गेलात तर पूर्ण वाटेत एकही तळं दिसत नाही. डर्वेंटवॉटर केझिकच्या दुसऱ्या अंगाला, चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे, ते वेगळं बघायचं. त्याच्याभोवती सायकलने फिरायला अरुंद गाडीरस्तेच आहेत, मी त्या भानगडीत पडले नाही. दोन, ए६६ काही जागी ऐकू येतो, एका ठिकाणी तर डोक्यावरूनच जातो. घोडबंदर रोडची सवय असलेल्याला तो आवाज झोपेतही चालेल, पण शांतता शोधत गेलेल्याला खटकेल. तीन, वाट छोटी आहे. तरण्या माणसाला पाऊण तासात जाऊन-येऊन संपेल. जावयाचं तोंड उतरलं होतं. समुद्रापासून समुद्रापर्यंत जाणारा लांब सायकलमार्ग इथूनच जातो, तर त्याने एकट्याने पुढे जावं, आम्ही दशम्या खातो, असं मी सुचवलं. गेला नाही. दशम्या संपल्या असत्या.

घंटी मात्र वाजवा, तीही लांबून. कुत्री बांधलेली नसतात आणि माणसं घंटी ऐकूनही आधी हसतात, मग बाजूला होतात. डाव्या बाजूने चालवायचं, आपल्यासारखंच.

लेकीने विचारलं, ‘कुठली आवडली?’ विंडरमिअरची वाट तिशीच्या आतल्यांसाठी, ही माझ्यासाठी. विंडरमिअरनंतर रात्री गुडघ्यावर गोठवलेल्या वाटाण्याची पिशवी ठेवून झोपले होते. थ्रेल्कल्डहून आल्यावर त्याच वाटाण्यांची उसळ केली.