आयडलला मिसिंग: आधी प्लग-कॉइल बदलावेत की आधी सिलिंडर शोधावा?

सिग्नलला गाडी थांबून इंजिन आयडलला, म्हणजे रेस न देता नुसते चालू असले की स्टिअरिंग थरथरू लागते, सायलेन्सरमधून तुटक फट-फट आवाज येतो आणि थोडी रेस दिली की सगळे सुरळीत होते. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘मिसिंग मारते’, म्हणजे एखादा सिलिंडर मधूनमधून पेट घेत नाही (मिसफायर). अशा वेळी मालकापुढे दोन मार्ग असतात. पहिला म्हणजे ठिणगी पाडणारा प्लग, त्याला व्होल्टेज पुरवणारी कॉइल, इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरचे क्लीनिंग आणि हवा आत सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीची सर्व्हिस असे एकेक काम करून घेत दोष कधी जातो ते पाहणे. दुसरा म्हणजे कोणता सिलिंडर पेट घेत नाही आणि तो का घेत नाही हे आधी शोधून मगच सुटा भाग विकत घेणे. पहिला मार्ग सोपा वाटतो आणि कधीकधी लागूही पडतो, परंतु माझे मत स्पष्टपणे दुसऱ्याच्या बाजूने आहे, कारण आयडलचा मिसफायर नेमका त्या भागांमुळे होत नसण्याची शक्यता बरीच असते जे सर्वांत आधी बदलले जातात.

यामागचे कारण इंजिनाच्या कामकाजातच आहे. आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, सिलिंडरमध्ये जाणारे मिश्रण अगदी थोडे असते आणि मागच्या ज्वलनातील जळका वायू त्यात तुलनेने जास्त प्रमाणात मिसळलेला असतो. त्यामुळे एखाद्या फाटक्या व्हॅक्यूम पाइपमधून आत शिरणारी जास्तीची हवा, उघड्या अडकलेल्या ईजीआर व्हॉल्व्हमधून (जळका वायू पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या झडपेतून) येणारा धूर किंवा नीट न बसणाऱ्या व्हॉल्व्हमधून निसटणारा दाब या अवस्थेत फार मोठा ठरतो. रेस दिल्यावर मिश्रण वाढते आणि तोच दोष झाकला जातो. कमकुवत ठिणगीचे वागणे बहुतेक वेळा याच्या उलट असते. सिलिंडरमधील दाब जितका जास्त, तितका ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतो, म्हणून झिजलेला प्लग किंवा तडा गेलेली कॉइल घाटात, वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर अधिक त्रास देते. म्हणून निर्णय घेण्यापूर्वी मालकाने स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न असा: गाडी ‘फक्त’ आयडलला मिसिंग मारते, की आयडलला‘ही’ मारते? चढावरही झटके बसत असतील तर प्लग-कॉइलकडे आधी पाहावे. चढावर गाडी स्वच्छ ओढत असेल तर हवेची गळती, ईजीआर, इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) यांचा संशय आधी घ्यावा. हा नियम अटळ नाही, पण पैसे कोठे आधी खर्च करावेत हे ठरवण्यास तो पुरेसा आहे.

शोधण्याचा खर्च फारसा नसतो. डॅशबोर्डखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये लावायचा ब्लूटूथ अ‍ॅडाप्टर साधारण एका कॉइलच्या किमतीत किंवा त्याहून कमी पैशांत मिळतो आणि मोबाइलवर दोषाचा कोड दाखवतो. पी ०३०१ ते पी ०३०४ यांपैकी कोड आला तर शेवटचा आकडा सिलिंडरचा क्रमांक असतो; पी ०३०० आला तर मिसफायर एका सिलिंडरपुरता नाही, असे समजावे. हा फरक मोलाचा आहे. थ्रॉटल बॉडीवरील कार्बन, इंधनाचा कमी दाब किंवा सामायिक हवेची गळती सगळ्याच सिलिंडरांना बाधते. ती सहसा एकट्या तिसऱ्या सिलिंडरला आजारी पाडत नाही. त्यामुळे पी ०३०३ असताना थ्रॉटल बॉडी साफ करण्यासाठी पैसे घेतले जात असतील तर ते काम वाईट नसले तरी या दोषाचे उत्तर नाही. कोड पाहण्यापूर्वी तो पुसू मात्र नये, कारण त्याच्यासोबत साठवलेली आरपीएम, तापमान आणि इंधन-सुधारणेची (गाडीच्या संगणकाने इंधन किती वाढवले-घटवले त्याची) नोंदही त्याबरोबर जाते.

एक सिलिंडर निश्चित झाला की अदलाबदलीची चाचणी करावी, आणि माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेतील सर्वांत किफायतशीर पायरी हीच आहे. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या इंजिनात, इंजिन बंद आणि थंड असताना, तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर बसवायची. मिसफायर पहिल्याकडे गेला तर कॉइल दोषी. तिसऱ्याकडेच राहिला तर तीच अदलाबदल प्लगची करायची. दोन्ही करूनही कोड जागचा हलला नाही तर कॉइल आणि प्लगचा विषय संपला आणि चार कॉइलांचे पैसे वाचले. प्लग बाहेर आलेलाच असतो, तेव्हा तो नीट पाहावा: पोर्सेलिनवर वरून खाली गेलेली बारीक काळी रेघ म्हणजे ठिणगी बाहेरूनच निसटल्याची खूण, आणि प्लगच्या खोबणीत पाणी किंवा तेल असेल तर पावसाळ्यातच सुरू होणाऱ्या मिसिंगचे किंवा गळक्या व्हॉल्व्ह कव्हर पॅकिंगचे उत्तर तेथेच मिळते. इंजिन चालू असताना कॉइल उपसून पाहण्याची जुनी सवय मात्र सोडावी. त्यात विजेचा जोरदार झटका बसू शकतो आणि न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो.

इंजेक्टरच्या बाबतीत दोन पर्याय पुढे येतात: पेट्रोलच्या टाकीत ओतायचे क्लीनर किंवा इंजेक्टर उतरवून यंत्रावर केलेली स्वच्छता. पहिला स्वस्त आहे आणि किरकोळ साचलेल्या थराला उपयोगी पडू शकतो. दुसऱ्याचा खरा फायदा असा की चारही इंजेक्टरांची फवारणी शेजारी-शेजारी मोजता येते, म्हणजे ती स्वच्छतेबरोबर तपासणीही असते. तरी त्याआधी लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजेक्टरवर टेकवून मुठीला कान लावावा. इतरांची टकटक येते आणि एकाची येत नाही, तर दोष वायरिंगचा, कनेक्टरचा किंवा इंजेक्टरच्या आतील वेटोळ्याचा आहे आणि क्लीनरची बाटली तेथे निरुपयोगी आहे.

हवेच्या गळतीबद्दल थोडी सावधगिरी हवी. आयडलला इंधन-सुधारणा बरीच धन असेल आणि २५०० आरपीएमला ती शून्याकडे येत असेल तर गळती आहे, हे सूत्र आत येणारी हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असलेल्या इंजिनांना चांगले लागू पडते. अनेक लहान पेट्रोल गाड्यांत त्याऐवजी मॅनिफोल्डमधील दाब मोजणारा एमएपी सेन्सर असतो. तेथे गळतीची हवासुद्धा दाबात मोजली जाते, मिश्रण सावरले जाते आणि आकडे निर्दोष दिसत असताना आयडल मात्र चढलेला किंवा अस्थिर राहतो. अशा गाडीत आकड्यांपेक्षा गॅरेजमधील धुराची चाचणी (आत धूर सोडून तो कोठून बाहेर येतो ते पाहणे) अधिक विश्वासार्ह आहे. ज्वालाग्राही स्प्रे तापलेल्या इंजिनावर मारून गळती शोधू नये.

सीएनजी गाडीसाठी वेगळा विचार करावा लागतो, आणि महाराष्ट्रात अशा गाड्या इतक्या आहेत की याकडे दुर्लक्ष करता येणार नाही. सीएनजीवर मिसिंग आहे आणि पेट्रोलवर टाकताच ते पूर्ण जाते, तर गॅसचे इंजेक्टर, फिल्टर, गॅसचा दाब कमी करणारा रिड्यूसर यांच्याकडे आधी पाहावे. मात्र गॅसच्या मिश्रणाला पेट घ्यायला जास्त व्होल्टेज लागतो, म्हणून थकलेले प्लगही आपला दोष आधी सीएनजीवरच उघड करतात. दोन्ही इंधनांवर आयडलला सारखेच मिसिंग असेल, तर माझा पहिला संशय टॅपेटवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागावर) जातो. ज्या इंजिनांत टॅपेटची फट आपोआप जुळत नाही, त्यांत सीएनजीच्या दीर्घ वापराने व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत हळूहळू खोल बसतात, फट कमी होत जाते आणि अखेर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. कॉम्प्रेशन आयडलला निसटते, वेग वाढल्यावर निसटायला वेळ उरत नाही, म्हणून गाडी रस्त्यावर ठीक वाटते. माझ्या स्वतःच्या सीएनजी गाडीत हेच झाले होते. दोनदा प्लग आणि एकदा कॉइल बदलल्यानंतर एका जुन्या मेकॅनिककाकांनी “आधी कॉम्प्रेशन बघू या” असे म्हटले आणि अर्ध्या तासात उत्तर मिळाले.

ती चाचणी करताना सगळे प्लग काढलेले, पेट्रोल आणि गॅस दोन्ही बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि बॅटरी सशक्त असावी. एका सिलिंडरचा आकडा बाकीच्यांहून ठळकपणे कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे: आकडा वाढला तर रिंग झिजल्या आहेत, न वाढला तर व्हॉल्व्हमधून किंवा हेड गॅस्केटमधून दाब जातो. येथे थांबून फट मोजून घ्यावी. फट कमी निघाली आणि व्हॉल्व्ह अजून जळलेला नसेल तर टॅपेट सेटिंगवर काम भागते. तसेच चालवत राहिल्यास हेड उतरवावे लागते आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो. म्हणूनच सीएनजी गाडीच्या मालकाने प्लग एकदा बदलूनही फरक पडला नाही तर दुसरा भाग घेण्याऐवजी ही चाचणी मागावी, असे मी आग्रहाने सांगेन.

कधीकधी मिसफायर नसतोच. इंजिनाचे माउंटिंग फाटले असेल तर एसी लावून थांबल्यावर केबिन तशीच थरथरते, पण आवाज एकसारखा असतो आणि अ‍ॅडाप्टरने दिसणारी मिसफायरची मोजणी शून्य राहते. तीन सिलिंडरांच्या इंजिनाची थोडी थरथर तर मुळातलीच असते. २०२४ च्या नव्या स्विफ्टमध्ये चारऐवजी तीन सिलिंडर आले, तेव्हा जुन्या गाडीची सवय असलेल्यांनी तुलना करताना हे लक्षात ठेवावे.

दोन परिस्थितींत मात्र शोधाशोध न करता गाडी लगेच गॅरेजकडे द्यावी. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर न जळलेले इंधन कन्व्हर्टर जाळत आहे, आणि तो भाग चारही कॉइलांपेक्षा महाग आहे. गाडी ओढून नेलेली बरी. वॉरंटी चालू असेल तर घरी कॉइल उतरवण्यापेक्षा अधिकृत केंद्रात कोडची लेखी नोंद घ्यावी. इतर वेळी गॅरेजमध्ये जाताना ‘ट्यूनिंग करा’ असे न सांगता कोड, सिलिंडरचा क्रमांक, थंड इंजिनावर आणि गरम इंजिनावर काय होते, पेट्रोलवर आणि सीएनजीवर काय फरक पडतो, हे कागदावर लिहून द्यावे. काम झाल्यावर त्याच वेळी गरम इंजिनावर समाधान न मानता दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन सुरू करून मिसफायरची मोजणी पाहावी आणि मगच काढलेले जुने भाग टाकून द्यावेत.