अंबाजोगाईचे मोडीवाचक गुरुजी: कागद पुरा वाचून देतात

घरात जुना मोडी कागद असेल आणि तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या निशाणीपर्यंत वाचून हवा असेल, तर या गुरुजींकडंच जा. 2023 मध्ये मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून मराठवाड्यात मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना क्षणाची उसंत नाही. बरेच जण जातीची नोंद शोधतात आणि बाकीचा कागद सोडून देतात. आमच्या थोरल्या काकांनी एकाला रुमाल, म्हणजे कागदांचं गाठोडं, उघडून दाखवला होता. ‘यात कामाचं काही नाही’ म्हणून त्यानं परत बांधून दिला.

कामाचं किती होतं बघा. पहिलाच कागद फसली (निजामी महसुली साल) 1272 चा, म्हणजे इसवी सन 1862-63 चा कौल, म्हणजे जमिनीचा करार, निघाला. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी जिल्हे पाडले, ती जिल्हाबंदी 1865 ची, त्याच्याही आधीचा. आमचा मूळपुरुष बालाघाटातून मांजरेच्या काठी आला, एवढंच आम्ही ऐकून होतो. इथं त्याच्या नावानं 60 बिघे पडीक लिहिलं आहे. झाडोरा तोडून रान वहितीला आणायचं, त्याबदली पहिल्या साली सारा माफ, पुढं दर साली थोडा थोडा चढत पाचव्या साली पुरा. गुरुजी म्हणाले, याला इस्तावा म्हणायचे. ओसाड रानात माणूस टिकावा म्हणून दिलेली ही सवलत. विहीर नाही, शेजार नाही, अशा ठिकाणी लेकरंबाळं घेऊन आलेल्या माणसाला पहिली सालं कशी गेली असतील, ते त्या आकड्यांवरून मला कळलं.

पण मी हे लिहायला बसले ते दुसऱ्या कागदासाठी. फसली 1276 चा हिशेब. तिथं मूळपुरुषाच्या जागी एका बाईचं नाव आणि पुढं ‘जोजे’ लिहून त्याचं, म्हणजे त्याची बायको. तो वारला होता, पोरं अजाण होती. तिनं बैलजोडी विकून निजामाच्या हाली रुपयांत बाकी भरली आणि कौल आपल्याकडं ठेवून घेतला. खाली बोरूनं काढलेलं एक वाटोळं आहे. मला ते शाईचा डाग वाटलं होतं. गुरुजींनी भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “ताई, नीट बघा, ही बांगडीची निशाणी. कुणब्याचा नांगर, बाईची बांगडी.” रेघ जिथं जुळते तिथं थोडी थरथरली आहे. आमच्या वंशावळीत एकाही बाईचं नाव नाही. ज्या बाईनं हे रान राखलं तिचंही नाही. आता ते मी सगळ्यात वर, मूळपुरुषाच्या शेजारी लिहिलं आहे, आणि काकांनी ते मान्य केलं.

गुरुजी पानाला दीडशे रुपये घेतात. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, त्यामुळं एकेका ओळीवर ते बराच वेळ बसतात. जो शब्द लागला नाही तिथं जागा मोकळी सोडतात, अंदाजानं भरत नाहीत. माझ्या मते हीच त्यांची खरी किंमत. देवनागरी प्रत हातानं लिहून देतात, अक्षर सुरेख. फारसी शिक्का त्यांना येत नाही, तो एका मौलवीसाहेबांकडं पाठवतात आणि त्याचे पैसे वेगळे.

वेळ मात्र फार लागतो. फोन केला तर उचलत नाहीत, सकाळी घरीच जावं लागतं. ही प्रत सरकारी दाखल्यासाठी चालत नाही, हे ते आधीच सांगून टाकतात.

जाताना कागद सुती कपड्यात, सपाट ठेवून न्या. प्लॅस्टिकमध्ये कोंबू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. तसला एक कागद माझ्यासमोर आला होता. आतली शाई पसरलेली, त्यातल्या दोन ओळी गुरुजींनाही लागल्या नाहीत.