दुर्बिणीची छातीची शस्त्रक्रिया: वेदनेसाठी कोणता ब्लॉक?

छेद बोटभर, म्हणजे दुखणेही तेवढेच, अशा समजुतीने सांगली-मिरजेत भूलपूर्व तपासणीला येणारी कुटुंबे बरीच असतात. प्रत्यक्षात दुर्बीण दोन बरगड्यांमधून आत जाताना तिथली नस चेपते आणि नंतर निचऱ्याची नळीही छातीत राहते. दुखते म्हणून रुग्ण खोकायचे टाळतो आणि बेडका साचतो. यासाठीच ब्लॉक, म्हणजे नसांजवळ बधिर करणाऱ्या औषधाचे इंजेक्शन, दिला जातो.

शस्त्रक्रिया ठरलेली असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू नसेल, तर माझा कल पॅराव्हर्टेब्रल ब्लॉककडे असतो. नस मणक्यातून बाहेर पडते त्या जागीच औषध पोचत असल्याने छातीची पाठीकडची, बाजूची आणि पुढची भिंत बधिर होते. सोनोग्राफीच्या पडद्यावर फुफ्फुसाच्या आवरणाची चकाकती रेघ औषधाच्या दाबाने खाली सरकते; ती सरकली नाही, तर सुईची जागा चुकली असे समजावे. मात्र रक्तदाब उतरू शकतो आणि जागा खोल असल्याने रक्तस्राव झाल्यास तो बाहेरून दाबून थांबवता येत नाही.

२०१६ मध्ये पुढे आलेल्या इरेक्टर स्पायनी ब्लॉकमध्ये सुई मणक्याच्या आडव्या हाडावर थांबते, त्यामुळे तो करायला सोपा आणि अधिक सुरक्षित आहे. पण औषध पुढच्या नसांपर्यंत दर वेळी सारखे पोचत नाही. तासगावकडच्या एका द्राक्षबागायतदारांचा स्टेंट नवा असल्याने क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी गोळी थांबवता येत नव्हती, म्हणून आम्ही हाच ब्लॉक दिला. संध्याकाळी ते छातीशी उशी धरून नीट खोकले. पुढच्या छेदापाशी मात्र ठणकत होते आणि तेवढ्यापुरते ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक द्यावे लागले.

सिरेटस ब्लॉक काखेखालून, रुग्णाला न वळवता देता येतो, पण पाठीकडचा भाग त्यातून सुटतो. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेवरील उपचारांसाठीच्या २०२२ च्या प्रॉस्पेक्ट शिफारशींतही तो पहिल्या दोघांच्या मागेच आहे. बरगड्यांमधील नसांचा ब्लॉक सर्जन दुर्बिणीतून पाहत स्वतःच देऊ शकतात. तो काही तासच टिकतो आणि तिथून औषध रक्तात फार वेगाने उतरत असल्याने मात्रा वजनावरून काटेकोर ठरवावी लागते. एपिड्युरल, म्हणजे पाठीच्या कण्यात बारीक नळी ठेवून औषध देणे, एवढ्याशा छेदांसाठी मला जास्तच वाटते.

कोणताही ब्लॉक घेतला, तरी पॅरासिटामॉल वेळेवर चालू ठेवावेच लागते. तपासणीला येताना चालू गोळ्यांची पाकिटे सोबत आणावीत. ‘हृदयाची एक पांढरी गोळी’ एवढ्या माहितीवर सुई कुठे घालायची, हे ठरवता येत नाही.